एसीएल पुनर्रचनेनंतर गुडघ्याचे दीर्घकालीन आरोग्य

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरके बांधून ठेवणारा पुढचा अस्थिबंध (लिगामेंट) म्हणजे एसीएल. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडीत अडकतो, अंग मात्र मध्यरेषेकडे वळते. अशा पिळात एसीएल तुटतो. बहुतेक वेळा तो टाके घालून जोडत नाहीत. रुग्णाच्याच मांडीमागच्या किंवा वाटीखालच्या कंडऱ्याचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्याचा) तुकडा काढून, हाडांत बोगदे पाडून दुर्बिणीने बसवतात. हीच पुनर्रचना.

तिने सटकणारा गुडघा स्थिर होतो. ‘लिगामेंट बसवले, आता सांधा झिजणार नाही’ हा समज मात्र चुकीचा आहे. स्वीडनमधल्या महिला फुटबॉलपटूंना दुखापतीनंतर १२ वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांचे सरासरी वय होते अवघे ३१. एक्स-रे काढलेल्यांपैकी निम्म्या जणींच्या गुडघ्यात झिजेचा संधिवात दिसला (२००४). त्याच देशात १२१ तरुणांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत, लगेच शस्त्रक्रिया केलेले आणि आधी व्यायाम करून गरज पडली तरच शस्त्रक्रिया करून घेणारे, यांच्या गुडघ्यांत पाच वर्षांनंतर एक्स-रेतही ठळक फरक नव्हता. दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागलीच नाही.

झिजेची सुरुवात दुखापतीच्या क्षणीच होते. हाडे एकमेकांवर आदळतात, काही तासांत सांध्यात रक्त भरून गुडघा टम्म फुगतो आणि दाहकारक द्रव्ये हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर, म्हणजे कूर्चेवर, हल्ला करतात. कूर्चेला रक्तवाहिन्या नसल्याने ती भरून येत नाही. हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या गाद्या, म्हणजे मेनिस्कस, शाबूत आहेत की नाहीत यावर पुढचे बरेच ठरते. २००९ च्या एका आढाव्यानुसार दहा वर्षांहून अधिक काळानंतर, एकटा एसीएल तुटलेल्यांत संधिवाताचे प्रमाण ० ते १३ टक्के, तर गादीलाही इजा झालेल्यांत २१ ते ४८ टक्के होते. म्हणून फाटलेली गादी कापून टाकण्यापेक्षा शक्य तिथे शिवतात.

बसवलेला कंडरा सुरुवातीला रक्तपुरवठ्याअभावी कमकुवत होतो आणि मग सावकाश अस्थिबंधासारखा घडतो. तेवढा धीर खेळाडूंना नसतो. शस्त्रक्रियेनंतर नववा महिना उलटेपर्यंत मैदानावर परतणे जितके महिने लांबवावे, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचा दर सुमारे निम्म्याने घटतो, असे २०१६ च्या एका अभ्यासात दिसले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा व्यायाम दिसायला अगदी क्षुल्लक; पण मांडीचा पुढचा स्नायू जागा होतो तो त्यानेच. या स्नायूची ताकद आणि पाय पूर्ण सरळ होणे, या दोन्हींकडे वर्षानंतरही लक्ष ठेवावे लागते. वजनाचेही तसेच: संधिवात असलेल्यांत एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो.

आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न मांडी घालून बसण्याचा. अनेकांना ते कालांतराने जमते. गादी शिवलेली असेल तर उकिडवे बसणे काही महिने बंद ठेवायला सांगतात. एक्स-रेत झीज दिसूनही ज्यांचा गुडघा दुखत नाही असे लोकही बरेच असतात.