30 सेंटीमीटरच्या लाटेत एनर्जी किती?

समुद्रात भूकंप झाला की मेसेज फिरायला लागतात, अमुक रिश्टर म्हणजे इतके अणुबॉम्ब, आता त्सुनामी येणारच. अहो, भूकंपाची एनर्जी वेगळी आणि त्सुनामीची वेगळी! 11 एप्रिल 2012 ला सुमात्राजवळ 8.6 चा भूकंप झाला पण त्सुनामी किरकोळ, कारण तिथे समुद्रतळ आडवा सरकला, पाणी फारसं उचललंच गेलं नाही. 26 डिसेंबर 2004 ला मात्र तळच वर आला, आणि तरीही त्सुनामीत गेलेली एनर्जी भूकंपाच्या एकूण एनर्जीच्या अर्ध्या टक्क्याहून कमी भरली. (त्या दिवशी पौर्णिमा होती म्हणून चंद्राला जबाबदार धरणाऱ्यांनी 11 मार्च 2011 चं पंचांग काढून बघावं, जपानच्या त्सुनामीला चंद्र अर्धाही नव्हता.)

त्सुनामीची एनर्जी मोजायची कशी? मला सगळ्यात भारी वाटतो तो समुद्रतळावरचा प्रेशर सेन्सर. 4000 मीटर खाली साधारण 400 वातावरणांइतका दाब असतो, आणि त्यात वर एक सेंटीमीटर पाणी वाढलं तरी आतल्या क्वार्ट्झच्या कंपनात फरक पडतो. वादळात वर कितीही मोठ्या लाटा उसळू देत, खाली पत्ताच लागत नाही, कारण लाटेचा परिणाम तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंतच पोचतो. वाऱ्याची लाट शंभर-दोनशे मीटर लांब, त्सुनामीची शंभर-दोनशे किलोमीटर, तिच्या हिशोबाने महासागर म्हणजे डबकं, त्यामुळे वरपासून तळापर्यंत सगळं पाणी हलतं आणि सेन्सरला कळतं.

आता थोडं गणित. वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ, 4000 मीटरला सेकंदाला सुमारे 200 मीटर. दर चौरस मीटरची एनर्जी म्हणजे पाण्याची घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंचीचा (नेहमीच्या पातळीपासून मोजलेल्या) वर्ग, त्यात अर्धी उचललेल्या पाण्याची, अर्धी वाहत्या पाण्याची. 30 सेंटीमीटरला 900 ज्यूल, म्हणजे काहीच नाही! पण हे 900 ज्यूल सेकंदाला 200 मीटर पळतात, म्हणजे लाटेच्या रुंदीच्या दर मीटरमागे 180 किलोवॅट, आणि ही रुंदी शेकडो किलोमीटर असू शकते. सेन्सरच्या नोंदीतल्या क्षणाक्षणाच्या उंचीचा असा हिशोब लावून बेरीज केली की तिथून किती एनर्जी गेली ते निघतं. उंचीचा वर्ग आहे हे विसरू नका, 60 सेंटीमीटरला चौपट. 2004 ला समुद्राच्या पाण्याची उंची मोजणारा जेसन-1 उपग्रह भूकंपानंतर दोनेक तासांनी वरून गेला तेव्हा त्याला साधारण एवढीच लाट दिसली होती.

किनाऱ्याकडे खोली घटते, वेग घटतो, पण मागून एनर्जी येतच असते, मग उंची वाढण्यावाचून गत्यंतर नाही. 4000 वरून 10 मीटर खोलीवर आली की साडेचार पट, आणि हे सरळ किनाऱ्यावर, निमुळत्या खाडीत बाजूंनीही दाबली जाते तेव्हा हा आकडा तोकडा पडतो.