एक जण बाजूने असला तरी पुरतं

समजा तुम्ही काहीतरी मनावर घेतलंय, चाळिशीत पोहायला शिकायचं किंवा नोकरी सांभाळून परीक्षा द्यायची, आणि कुणीतरी म्हणतं "तुला जमणारे का हे?" पहिल्यांदा ऐकलं की राग येतो, दुसऱ्यांदा हसून सोडून देतो, आणि तिसऱ्याने तेच म्हटलं की रात्री पडल्या पडल्या आपल्यालाच वाटायला लागतं, बरोबर तर नसतील ना हे लोक?

या "तिसऱ्याने" मध्ये गंमत आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. खोलीत सात-आठ तरुण मुलं, समोर दोन कार्डं, एकावर एक रेघ आणि दुसऱ्यावर तीन, त्यातली पहिलीएवढी कोणती ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. अगदी डोळ्यांना दिसणारी गोष्ट. पण त्यातला एकच मुलगा खरा, बाकीचे सगळे ॲशचे पढवलेले, आणि १८ पैकी १२ वेळा ते सगळे एकसुरात चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या मुलाचा नंबर शेवटी शेवटी. एरवी १०० त एखादी चूकही न करणारी मुलं या १२ फेऱ्यांमध्ये साधारण ३७ टक्के वेळा गर्दीबरोबर चुकली! चौथाई मुलं मात्र एकदाही हलली नाहीत.

मग ॲशने विरोधकांची संख्या बदलून बघितली. एकटाच समोर असला तर फारसा फरक नाही, दोघांनी चुका वाढल्या, तिघांनी तर जवळपास पूर्ण दबाव आला, आणि त्यापुढे माणसं वाढवली तरी विशेष काही वाढलं नाही. म्हणजे "सगळं जग माझ्या विरोधात आहे" असं वाटायला तीन माणसं पुरतात. (नातेवाईकांमध्ये तीन तर सहज निघतात.)

उलट बाजू मला जास्त आवडते. त्याच गर्दीत एकाच माणसाने खरं उत्तर दिलं की चुका थेट पावपट झाल्या. फक्त एक माणूस! त्याने पाठ थोपटली नाही की भाषण दिलं नाही, नुसतं दिसतंय ते सांगितलं. पण तोच साथीदार मधेच पलटून गर्दीला मिळाला की चुका परत वर गेल्या.

आता रेघ मोजता येते, आपलं ध्येय कुठे मोजता येतं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. शंका घेणारा बरोबरही असू शकतो. इथे डॅन शेख्टमनची गोष्ट बघा. ८ एप्रिल १९८२ ला हा इस्रायली शास्त्रज्ञ अमेरिकेत ॲल्युमिनियम-मँगनीजचा मिश्रधातू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघत होता आणि त्याला दहा-दहाच्या वर्तुळात ठिपके दिसले, जे तेव्हाच्या नियमांप्रमाणे स्फटिकात, म्हणजे अणू शिस्तीत रचलेल्या घन पदार्थात, शक्यच नव्हतं. वहीत त्याने दहाच्या आकड्यापुढे तीन प्रश्नचिन्हं काढली. म्हणजे पहिली शंका त्याचीच! जुळे स्फटिक एकमेकांना चिकटले की असा भास होतो, म्हणून तो आधी तेच शोधत बसला, सापडले नाहीत, तेव्हा कुठे विश्वास धरला. पुढे लोकांनी नेमकी हीच शंका काढली, पण ती तो स्वतः तपासून बसलेला. माझ्या मते हट्ट आणि चिकाटी यात फरक आहे तो एवढाच.

तरी बॉसने टेबलावर स्फटिकशास्त्राचं पाठ्यपुस्तक आणून ठेवलं, जरा वाच म्हणाला, नंतर ग्रुप सोडायला सांगितलं. इस्रायलला परत गेल्यावर इलान ब्लेच नावाचा एक सहकारी मिळाला ज्याने मनावर घेऊन बघितलं, आणि १९८४ मध्ये या शोधाचा शोधनिबंध छापून आला, त्यावर ब्लेचचंही नाव आहे. म्हणजे ॲशच्या खोलीतला तो एक माणूस!

१९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने स्फटिकाची व्याख्याच बदलली, २०११ ला शेख्टमनला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. सगळ्यांना पटलं असं मात्र नाही. लायनस पॉलिंग, दोन नोबेलवाले रसायनशास्त्रज्ञ, शेवटपर्यंत जुळ्या स्फटिकांवरच अडून राहिले आणि १९९४ मध्ये गेले ते तसेच न पटता.