रो नदी: 61 मीटर लांबीचा वाद

अमेरिकेतली सर्वांत लांब नदी मिसूरी. मोंटाना राज्यात ग्रेट फॉल्स शहराजवळ तिला रो नावाची नदी मिळते, जिची लांबी भरते जेमतेम 61 मीटर. जायंट स्प्रिंग्ज हा प्रचंड झरा म्हणजे रोचा उगम. पॅसिफिककडे जाणारी वाट शोधत निघालेल्या ल्युइस-क्लार्क मोहिमेतल्या विल्यम क्लार्कने 18 जून 1805 रोजी हा झरा पाहिला आणि त्याची नोंद केली.

लांबी नगण्य असली तरी पाणी नगण्य नाही. सेकंदाला सुमारे 6,800 लिटर, म्हणजे दिवसाला 59 कोटी लिटरच्या आसपास. दक्षिणेकडच्या लिटल बेल्ट डोंगरांत मॅडिसन चुनखडीचा थर उघडा पडलेला आहे. पाऊस आणि वितळलेलं बर्फ तिथे मुरतं. हा थर ग्रेट फॉल्सकडे उतरत खोल जातो, वर दुसरे खडक बसतात आणि पाणी दाबाखाली कोंडलं जातं. शहराजवळ वरच्या वालुकाश्मात भेगा सापडल्या की ते जोराने वर उसळतं.

जमिनीखालून आल्यामुळे पाण्याचं तापमान बारा महिने 12 अंशांच्या आसपास राहतं. मोंटानाच्या कडक थंडीतही ते गोठत नाही. शेजारीच राज्य सरकारचं ट्राउट माशांचं संवर्धन केंद्र आहे, ते याच पाण्याच्या भरवशावर. ट्राउटची अंडी किती दिवसांत फुटतील हे तापमानावर ठरतं. रेनबो ट्राउटला 10 अंशांना साधारण महिना लागतो, पाणी उबदार असेल तर कमी. तापमान हलत नसेल तर दिवसांचा हिशेब आधीच मांडता येतो.

वाद पेटला तो लांबीवरून. गिनेस बुकात सर्वांत छोटी नदी म्हणून ऑरेगनमधली डी नदी होती: डेव्हिल्स लेकपासून पॅसिफिकपर्यंत 134 मीटर. ग्रेट फॉल्समधल्या एका शाळेतल्या पाचवीच्या मुलांनी रोसाठी मोहीम चालवली आणि 1989 मध्ये मान रोकडे आला. मग डीवाल्यांनी नवं मोजमाप पुढे केलं: ऐन भरतीला 37 मीटर. खरी मेख इथेच आहे. समुद्राला मिळणाऱ्या नदीचं मुख भरती-ओहोटीबरोबर पुढे-मागे सरकतं, त्यामुळे फीत कोणत्या वेळी धरली ते सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. भरतीची वेळ निवडून नदी आखूड करणं हा सोयीचा हिशेब झाला. रोच्या बाबतीत ही पळवाट नाही, पण तिला नदी म्हणावं की झऱ्याचा ओघळ, हा आक्षेप उरतोच. गिनेसने पुढे हा विक्रमच पुस्तकातून काढून टाकला.