दगडफूल

दगडफूल हे शैवाकांच्या (लायकेनच्या) पार्मोट्रिमा प्रजातीतील पानासारख्या पसरणाऱ्या जातींचे बाजारी नाव. त्यांतली मुख्य जाती पार्मोट्रिमा पर्लेटम. दुकानातल्या पुडीत मात्र तिच्याबरोबर इतर दोन-चार शैवाके सर्रास मिसळलेली असतात. संस्कृतात याला शैलेय, हिंदीत छरीला किंवा पत्थरफूल, तर तमिळमध्ये कल्पासी म्हणतात. मराठी नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. हे फूल नव्हे, आणि ते दगडावर वाढत असले तरी विक्रीचा बहुतेक माल हिमालयातल्या व दक्षिणेकडच्या डोंगरांतल्या झाडांच्या सालीवरून काढलेला असतो.

शैवाक म्हणजे एक वनस्पती नव्हे, तर कवक (बुरशी) आणि शैवल (शेवाळ) यांचा एकत्र संसार. कवक घर बांधते आणि पाणी धरून ठेवते, तर शैवल उन्हात अन्न तयार करते. हे दुहेरीपण स्विस शास्त्रज्ञ झिमॉन श्वेंडेनर याने 1867 मध्ये मांडले, तेव्हा अनेक जाणत्यांना ते पटले नव्हते. घरच्या घरी पाहायचे तर मसाल्याच्या डब्यातला एक तुकडा बशीत ठेवावा. वरची बाजू राखाडी, खालची काळीभोर, कडेला तपकिरी पट्टी आणि मुरडलेल्या काठावर पिठासारखी भुकटी. याच भुकटीचे कण वाऱ्यापावसाने दुसऱ्या फांदीवर जाऊन रुजतात. वर दोन थेंब पाणी टाकले की कडक तुकडा लगेच मऊ पडतो. जिवंत शैवाक असे भिजले की राखाडीतून हिरवी झाकही उमटते, कारण वरचा ओला थर पारदर्शक होऊन आतले शैवल दिसू लागते.

नाशिक जिल्ह्यात शैवाके शोधायची तर पश्चिमेकडे जावे. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो, नाशिक शहरात जेमतेम सातशेच्या आसपास, आणि सिन्नर-येवल्याकडे त्याहूनही कमी. त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि कळसूबाईच्या रांगेत पावसाळाभर ढग झाडांत उतरलेले असतात. पानासारख्या शैवाकांना मुळे नसतात. पाणी आणि क्षार ती अंगानेच हवेतून व पावसातून घेतात, म्हणून पावसाइतकेच धुकेही त्यांना महत्त्वाचे. जुना आंबा, जांभूळ, हिरडा यांच्या खरबरीत सालीवर ती टिकून बसतात. देवराईतली म्हातारी झाडे यासाठी फार मोलाची, कारण तिथे कुऱ्हाड चालत नाही. पूर्वेकडच्या कोरड्या भागात खोडाला आणि काळ्या पाषाणाला घट्ट चिकटलेली पापुद्र्यासारखी शैवाकेच जास्त आढळतात. उन्हाळ्यात दोन्ही प्रकार वाळून जवळजवळ झोपी जातात आणि पहिल्या सरीला पुन्हा जागे होतात.

खोडावरचे पांढुरके चट्टे रोग समजून खरवडले जातात, हे चुकीचे आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. शैवाक सालीवर फक्त बसते. ते वाढते वर्षाला काही मिलीमीटर, त्यामुळे तळहाताएवढा विस्तार व्हायला बराच काळ लागतो. फाल्गुन-चैत्रातला एक वणवा खोडाचा खालचा भाग भाजून काढतो आणि ती सगळी वाढ एका दुपारी जाते. अशुद्ध हवाही त्यांना सोसत नाही, विशेषतः कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातली शैवाके नाहीशी होत असल्याचे शैवाकांचा अभ्यासक विल्यम नायलँडर याने 1866 मध्येच नोंदवले होते. तेव्हापासून हवेची परीक्षा करताना झाडांची खोडे तपासण्याची रीत पडली. पानासारख्या जाती आधी जातात, चिवट पापुद्रे मागे उरतात.

स्वयंपाकात दगडफूल काळ्या आणि गोडा मसाल्यात पडते. कोरडे हुंगले तर फारसा वास येत नाही. थोड्या तेलात मंद आचेवर परतले की मातीसारखा, किंचित धुरकट सुगंध सुटतो. उन्हाळ्यात कांडपाला मसाला नेण्यापूर्वी ते निवडावे लागते, कारण त्यात सालीचे तुकडे आणि काड्या हमखास असतात. त्या काड्या न्याहाळल्या तर शैवाक कोणत्या बाजूने झाडाला धरून होते ते दिसते: काळ्या अंगाला बारीक केसांसारखे तंतू असतात आणि सालीचा कण अजून त्यांनाच चिकटलेला असतो.