मॉनिटर कॅलिब्रेशन

छायाचित्रांच्या संपादनासाठी वापरायच्या मॉनिटरची प्रखरता, पांढऱ्याची छटा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची चढण ठरावीक मूल्यांवर आणणे, आणि मग तो मॉनिटर कोणत्या आकड्याला प्रत्यक्षात कोणता रंग दाखवतो याची नोंद एका फाइलमध्ये करणे, या दोन्ही कामांना मिळून व्यवहारात मॉनिटर कॅलिब्रेशन म्हणतात. काटेकोरपणे पहिले काम कॅलिब्रेशन आणि दुसरे प्रोफायलिंग. एकाच बैठकीत, एकाच सॉफ्टवेअरने दोन्ही होत असल्याने त्यांची गल्लत होते आणि पुढच्या बऱ्याच अडचणी त्या गल्लतीतूनच येतात.

कॅलिब्रेशनने मॉनिटरवर दिसणारे चित्र बदलते. प्रोफाइल स्वतः काहीच बदलत नाही. ते त्या मॉनिटरचे वर्णन असते. फोटोशॉप, लाइटरूम, डार्कटेबल यांसारखी रंग-व्यवस्थापन असलेली सॉफ्टवेअर ते वर्णन वाचतात आणि फाइलमधले आकडे त्या मॉनिटरला साजेसे करून पाठवतात. या फाइलचा आयसीसी हा नमुना १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने रूढ केला.

लक्ष्यमूल्ये : सर्वसाधारण कामासाठी व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) डी६५, म्हणजे सुमारे ६५०० केल्विन, आणि गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची चढण) २.२ ठेवतात. प्रखरता ८० ते १२० निट, म्हणजेच तितके कॅन्डेला प्रति चौरस मीटर. तिन्हींत प्रखरतेकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि नुकसानही तिच्यामुळेच सर्वाधिक होते. नवा मॉनिटर बहुधा २५० निट किंवा त्याहून अधिक उजेडावर लावलेला येतो. अशा पडद्यावर चित्र जास्तच उजळ दिसते, संपादक ते खाली ओढतो आणि प्रिंट काळवंडलेली येते. दोष प्रिंटरला दिला जातो. प्रिंट डी५० (सुमारे ५००० केल्विनच्या प्रमाण) प्रकाशाखाली ठेवून पडद्याशी ताडून पाहायची असेल, तर व्हाइट पॉइंट ५००० ते ५८०० केल्विनच्या दरम्यान, पडद्यावरचा पांढरा आणि कोरा कागद डोळ्यांना सारखे वाटतील तिथे ठेवावा. खोलीतला उजेड मंद आणि दिवसभर एकसारखा हवा, आणि तो थेट पडद्यावर पडता कामा नये. मॉनिटरमागची भिंत भडक रंगाची असेल तर डोळा तिच्याशी जुळवून घेतो आणि करडा रंग करडा वाटेनासा होतो.

साधने : डोळा कोणत्याही पांढऱ्याला काही मिनिटांत सरावतो, त्यामुळे नुसत्या नजरेने केलेली जुळवणी ढोबळच राहते. मोजणीसाठी कलरिमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. कलरिमीटर फिल्टरांच्या साहाय्याने डोळ्याच्या प्रतिसादाची नक्कल करतो. गडद छटा तो चांगल्या मोजतो, पण बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्याचा) किंवा पडद्याचा प्रकार बदलला की चुकतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पांढरी एलईडी, वाइड गॅमट (नेहमीपेक्षा अधिक रंग दाखवणारी) एलईडी, ओएलईडी यांपैकी नेमका पर्याय निवडावा लागतो. तो चुकला तर मोजणी निर्दोष दिसते आणि पांढरा मात्र गुलाबी किंवा हिरवट झाक मारतो. मोफत पर्यायांत आर्गिलसीएमएस या सॉफ्टवेअरवर आधारलेले डिस्प्लेकॅल सर्वपरिचित आहे.

कृती : मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावा. सेटिंग मूळ स्थितीवर आणून डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, उजेडानुसार बदलणारी प्रखरता, तसेच संगणकावरील नाइट लाइट, ट्रू टोन आणि एचडीआर बंद करावेत. मॉनिटरच्या मेनूत कस्टम किंवा यूजर मोड घ्यावा. प्रखरता फक्त ब्राइटनेसच्या बटणाने लक्ष्यावर आणावी, कॉन्ट्रास्टला हात लावू नये. मग लाल, हिरवा, निळा यांच्या गेनमधून (प्रत्येक रंगाचे प्रमाण ठरवणाऱ्या सेटिंगमधून) जो रंग वरचढ असेल तोच कमी करावा. कमी पडणारा वाढवल्यास उजळ छटा कापल्या जातात. मोजणीचे यंत्र पडद्याला सपाट टेकावे म्हणून मॉनिटर किंचित मागे झुकवतात. उरलेली मोजणी सॉफ्टवेअर आपणहून करते.

गेनचे काम मॉनिटरमध्येच का करायचे, हे एका उदाहरणावरून कळेल. लॅपटॉपला गेनची सोय बहुधा नसते, म्हणून सगळी दुरुस्ती ग्राफिक्स कार्डच्या वक्रांवर (पडद्याकडे जाणारे आकडे बदलणाऱ्या तक्त्यांवर) जाते. निळा १५ टक्के कमी करावा लागला, तर आठ बिटच्या जोडणीत तो २५५ ऐवजी २१७ वर थांबतो. अडतीस पायऱ्या गेल्या. आकाशाच्या संथ उतारावर त्याचे पट्टे दिसतात. काही महाग मॉनिटर ही दुरुस्ती आपल्याच आतल्या, अधिक बिटच्या तक्त्यात करतात. त्याला हार्डवेअर कॅलिब्रेशन म्हणतात.

पडताळणीत डेल्टा ई २००० ची (अपेक्षित आणि मोजलेल्या रंगांतल्या फरकाच्या आकड्याची) सरासरी १ च्या आत आणि कमाल ३ च्या आत आली तर काम चांगले झाले समजावे. मात्र त्याच यंत्राने केलेली पडताळणी यंत्राची स्वतःची चूक दाखवू शकत नाही. त्यामुळे करड्या रंगाचा उतार पडद्यावर लावून कुठे रंगाची झाक येते का, हे नजरेनेही पाहावेच.

नेहमीचे बिघाड : मॉनिटरचे प्रोफाइल फोटोशॉपच्या वर्किंग स्पेसमध्ये (ज्या रंगक्षेत्रात संपादन होते तिथे) नेमणे ही सर्वांत घातक चूक, तिथे एसआरजीबी किंवा अ‍ॅडोबी आरजीबी यांसारखे प्रमाण रंगक्षेत्रच हवे. दोन प्रोग्राम एकाच वेळी कार्डचे वक्र लोड करू लागले, तर संगणक सुरू झाल्यावर काही क्षणांत रंग बदलतो. एचडीएमआयवर १६ ते २३५ ची मर्यादित रेंज निवडली गेली आणि मॉनिटर पूर्ण रेंजची अपेक्षा करत असला, तर काळा धुरकट होतो. रंग-व्यवस्थापन नसलेल्या प्रोग्राममध्ये वाइड गॅमट मॉनिटर भडक दिसतो. तो कॅलिब्रेशनने शांत होत नाही, त्यासाठी मॉनिटरचा एसआरजीबी मोड वापरून त्याचे वेगळे प्रोफाइल करावे लागते.

वेगवेगळ्या बॅकलाइटचे दोन मॉनिटर आकड्यांत तंतोतंत जुळूनही शेजारी ठेवल्यावर निराळे दिसू शकतात. मोजणीचा आधार असलेला १९३१ चा प्रमाण निरीक्षक (सरासरी डोळ्याचे आकड्यांतले वर्णन) प्रत्येकाच्या डोळ्याशी मिळेलच असे नाही. अशा वेळी मुख्य मॉनिटर प्रमाण मानून दुसऱ्याचा व्हाइट पॉइंट नजरेने जुळवतात आणि त्या जुळलेल्या मूल्यावर त्याचे प्रोफाइल करतात.

कॅलिब्रेशन साधारण महिन्यातून एकदा करतात. मधल्या काळात ब्राइटनेस किंवा गेन बदलला तर आधीचे प्रोफाइल त्याच क्षणी निरुपयोगी ठरते.