स्क्रू घट्ट बसला, म्हणजे दात बसला का?

नैसर्गिक दात हाडात थेट रोवलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचा एक पातळ थर असतो आणि चावताना दात त्या थरात किंचित दबतो, साधारण २५ ते १०० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इम्प्लांटला, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या कृत्रिम मुळाला, असा थर नसतो. टायटॅनियमला हाड थेट चिकटतं. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना सशांच्या हाडांवर प्रयोग करताना १९५०च्या दशकात हे लक्षात आलं आणि १९६५मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. हाडाशी एकजीव झालेला इम्प्लांट दाबाखाली जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन खाली जातो. त्यामुळे वर बसवलेला ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कृत्रिम दातांचा संच, जरा चुकीच्या मापाचा झाला, तर खरे दात थोडे सरकून त्याला सांभाळून घेतात. इम्प्लांट सांभाळून घेत नाही.

एका इम्प्लांटवर एकच कॅप असेल तर याची फार काळजी करावी लागत नाही. खरी परीक्षा असते ती चार-सहा इम्प्लांटवर मिळून एकच धातूचा सांगाडा बसवायचा असतो तेव्हा. हा सांगाडा हाताने अलगद ठेवला की सगळ्या इम्प्लांटवर एकाच वेळी, कुठेही जोर न लावता टेकला पाहिजे. दंतवैद्यक यालाच पॅसिव्ह फिट म्हणतं.

घोटाळा होतो तो सांगाडा इम्प्लांटला आवळणाऱ्या छोट्या स्क्रूंमुळे. वाकडी पट्टी दोन्ही टोकांना बोल्टने आवळली की सरळ दिसते, तसंच इथेही होतं. फट असली तरी स्क्रू सांगाड्याला खाली ओढतो, फट मिटते आणि काम उत्तम झाल्यासारखं वाटतं. पण ती ओढ कुठे जात नाही. ती स्क्रूमध्ये, सांगाड्यात आणि वरच्या सिरॅमिकमध्ये साठून राहते. मग काही महिन्यांनी स्क्रू सैल होतो, कधी तुटतो, कधी सिरॅमिकचा टवका उडतो. हाडावर काय परिणाम होतो, याबद्दल मात्र छातीठोकपणे बोलू नये. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत चुकीच्या मापाचा सांगाडा आवळूनही हाड झिजल्याचं दिसलं नाही. त्रास आधी यंत्रभागांना होतो, हे मात्र नक्की.

मग किती चूक चालते? ब्रोनेमार्क यांनी १९८३मध्ये १० मायक्रॉनची मर्यादा सुचवली. स्वीडनचेच दंतवैद्यक संशोधक टोर्स्टन येम्ट यांनी १९९१मध्ये १५० मायक्रॉनपर्यंत चालेल असं म्हटलं. दोन आकड्यांत पंधरापटींचं अंतर आहे. १५० कुठून आले तेही पाहण्यासारखं आहे. स्क्रू पहिल्यांदा अडेपर्यंत फिरवायचा आणि त्यानंतर अर्ध्या फेऱ्याच्या आत तो पूर्ण बसला पाहिजे, असा तो निकष. स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर ३०० मायक्रॉन धरलं तर अर्धा फेरा १५०चा होतो. म्हणजे ही सीमारेषा शरीराने आखलेली नाही, ती कामाच्या सोयीची आहे. तरी तिच्या आत राहणंही सोपं नाही, कारण तोंडापासून तयार सांगाड्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी आकसतं किंवा फुगतं.

सुरुवात माप घेण्यापासून होते. प्रत्येक इम्प्लांटवर एक धातूची खूणखुंटी बसवतात, तिला कोपिंग म्हणतात. मग रबरी पदार्थाने भरलेला ट्रे जबड्यावर दाबून त्यांच्या जागेचा ठसा, म्हणजे माप, घेतात. बंद ट्रेच्या पद्धतीत माप बाहेर काढल्यावर खुंट्या तोंडातच राहतात. त्या नंतर सोडवून मापातल्या खड्ड्यांत हाताने परत बसवायच्या. उघड्या ट्रेला वर खिडक्या असतात. त्यांतून खुंट्यांचे लांब स्क्रू सोडवले की खुंट्या मापासोबतच बाहेर येतात. हाताने परत बसवण्याची पायरीच गेली, म्हणजे तिथली चूकही गेली. दोन-तीन इम्प्लांट, तेही एकमेकांना समांतर, असतील तर दोन्ही पद्धतींत फारसा फरक पडत नाही. संख्या वाढली किंवा इम्प्लांट तिरपे असले की उघडा ट्रे सरस ठरतो, असा बहुतेक अभ्यासांचा कल आहे. अर्थात ज्याचं तोंड पुरेसं उघडत नाही, त्याच्या मागच्या दाढांपाशी लांब स्क्रूपर्यंत पोहोचणंच अवघड. तिथे बंद ट्रेशिवाय इलाज नसतो.

उघड्या ट्रेतही खुंट्या मापाच्या रबरी पदार्थात किंचित फिरू शकतात. म्हणून त्या आधी एकमेकींना जोडतात. दात साफ करायचा फ्लॉस एका खुंटीवरून दुसरीवर गुंडाळायचा आणि त्यावर ब्रशने थोडं थोडं अॅक्रिलिक रेझिन चढवायचं. पण रेझिन घट्ट होताना स्वतःच आकसतं आणि खुंट्यांना एकमेकींकडे ओढतं. एका मापनानुसार २४ तासांत ते आकारमानाने साडेसहा ते आठ टक्के कमी झालं, आणि त्यातला ८० टक्के भाग पहिल्या १७ मिनिटांतच उरकला होता. यावरचा उपाय मला फार आवडतो. रेझिनचा पूल पूर्ण बनवायचा, आकसू द्यायचा, मग प्रत्येक दोन खुंट्यांच्या मध्ये पातळ चकतीने कापायचा. शेवटी त्या बारीक चिरा नव्या रेझिनच्या थेंबाने भरायच्या. आता आकसायला उरतो तो फक्त थेंब. बऱ्याच अभ्यासांत जोडलेल्या खुंट्यांचं माप जास्त अचूक आलं आहे. घाईपोटी कापण्याची पायरी गाळली तर मात्र हा फायदा बराचसा वाया जातो.

मापाचा पदार्थ कोणता, यावर वाद फारसा उरलेला नाही. पॉलिइथर किंवा अॅडिशन सिलिकोन. पॉलिइथर कडक असल्याने खुंट्या घट्ट धरतं, पण पाणी शोषतं, म्हणून कोरडं ठेवावं लागतं. अॅडिशन सिलिकोन आकाराला फार पक्कं. मात्र लॅटेक्सच्या हातमोज्यांतल्या गंधकामुळे ते नीट घट्ट होत नाही. अल्जिनेट पाणी सोडतं आणि शोषतं, त्यामुळे या कामाला ते चालत नाही.

पुढे मापात प्लास्टर ओतून जबड्याची प्रतिकृती, म्हणजे मॉडेल, बनवतात. यासाठीचं चांगल्या प्रतीचं कडक प्लास्टर, डाय स्टोन, घट्ट होताना साधारण ०.१ टक्का फुगतं. आकडा किरकोळ वाटतो, पण ५० मिलिमीटरच्या कमानीवर तो ५० मायक्रॉन होतो. पाण्याचं प्रमाण नजरअंदाजाने घेतलं की तोही बदलतो.

ओतकामात तर आकड्यांची उडी मोठी असते. मेणाचा सांगाडा उष्णता सोसणाऱ्या मिश्रणात पुरायचा, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि मोकळ्या जागेत वितळलेला धातू ढकलायचा. ही रीत दंतवैद्यकात रूढ करण्याचं श्रेय विल्यम टॅगर्ट यांना जातं, साल १९०७. थंड होताना सोन्याचे मिश्रधातू दीड टक्क्याच्या आसपास आकसतात, कोबाल्ट-क्रोमियमचे दोन टक्क्यांहून अधिक. ५० मिलिमीटरवर हा हिशेब एक मिलिमीटरच्या पुढे जातो. तो भरून काढायला साच्याचं मिश्रणच तितकं फुगवावं लागतं. त्यातल्या सिलिका द्रावणाची तीव्रता बदलून लॅबचा टेक्निशियन हे फुगणं कमी-जास्त करतो. छोट्या कॅपसाठी ही वजाबाकी जमते. लांब आणि वळणदार सांगाडा मात्र सगळीकडे सारखा आकसत नाही, तो पिळवटतो, आणि पिळाला भरपाई देणारं मिश्रण नाही. म्हणून तो बऱ्याचदा कापून तोंडातल्या स्थितीत पुन्हा जोडावा लागतो.

तपासणीची एक साधी युक्ती आहे. सांगाडा ठेवून फक्त एका टोकाचा स्क्रू आवळायचा आणि दुसऱ्या टोकाकडे पाहायचं. तिकडे सांगाडा उचलला गेला किंवा हिरडीखालच्या जोडावर एक्स-रेत फट दिसली, तर तो पॅसिव्ह नाही. सगळे स्क्रू आवळून केलेली तपासणी इथे काहीच सांगत नाही. त्याहून चांगलं म्हणजे सांगाडा बनवण्याआधीच मॉडेल तपासणं: मॉडेलवर प्लास्टरची पट्टी बनवायची आणि ती तोंडात स्क्रूने बसवायची. प्लास्टर ठिसूळ असल्याने मॉडेल चुकलं असेल तर पट्टीला तडा जातो. धातूप्रमाणे ते वाकून चूक लपवत नाही.

हल्ली सांगाडे धातूच्या ठोकळ्यातून यंत्राने कोरतात, त्यामुळे ओतकामाचा पीळ जवळपास संपला आहे. तोंडात फिरवायचे स्कॅनर मापाचा ट्रेही घालवू पाहत आहेत. पण स्कॅनर अनेक छोट्या प्रतिमा एकमेकींना जोडून कमान उभी करतो. दात नसलेल्या गुळगुळीत, ओल्या हिरडीवर त्याला जोडायला खुणा कमी मिळतात आणि चूक एका टोकाकडून दुसऱ्याकडे साचत जाते. दोन-तीन दातांच्या कामात तो उत्तम आहे. पूर्ण जबड्यासाठी फोटोग्रामेट्री पुढे येते आहे: विशेष कॅमेरा सगळ्या इम्प्लांटवरच्या खुणा एकत्र टिपून त्यांची परस्पर जागा मोजतो, मध्ये जोडाजोड करत नाही. तिला हिरडीचा आकार कळत नाही, त्यामुळे तो स्कॅनरनेच घ्यावा लागतो.