फिट, चमचा आणि नवा जोडीदार

“मला फिट येतात,” असं नव्याने भेटू लागलेल्या माणसाला सांगितलं की बरेचदा उत्तर येतं, “माहितीये, दातांत चमचा धरायचा, नाहीतर जीभ गिळली जाते.” हेतू चांगला, माहिती साफ चुकीची. जीभ गिळली जाऊच शकत नाही. ती तोंडाच्या तळाशी जोडलेली असते. कधीकधी चावली जाते, पण ती जखम भरते. चमच्याने मात्र दात तुटू शकतो, तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

म्हणून अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, आहे एवढंच सांगून थांबू नका (तेच अवघड असतं, मान्य). पुढचंही सांगा: हातपाय दाबून धरू नकोस, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेव, झटके थांबले की कुशीवर वळव, घड्याळ बघ. 5 मिनिटांच्या वर गेलं तर लगेच रुग्णवाहिका बोलव. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा नको.